मायस्पेसवर सगळे एकाच साच्यातले नव्हते

‘पूर्वी स्वतःची वेबसाइट म्हणजे स्वतःचा चेहरा, सोशल नेटवर्किंग आलं आणि सगळे एका छापाचे झाले,’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते अर्धंच खरं आहे.

२००३ साली सुरू झालेलं मायस्पेस हे सोशल नेटवर्क आठवा. स्वतःबद्दल लिहायच्या चौकटीत एचटीएमएल-सीएसएसचा, म्हणजे वेबपान घडवणाऱ्या भाषांचा, कोड चिकटवला की अख्ख्या पानाचा रंग, अक्षरं, पार्श्वभूमी बदलायची. पान उघडताच आवडीचं गाणं वाजायचं. कित्येक पोरापोरींनी कोडची पहिली ओळ तिथंच गिरवली!

उलट त्याआधीच्या, फुकटात स्वतःची वेबसाइट बनवू देणाऱ्या जिओसिटीजवर चित्रांची उसनवारी भरपूर होती. तेच चांदण्यांचं आभाळ, तोच फावडं मारणारा ‘काम चालू आहे’वाला मजूर. तयार नमुनेही मिळायचे. तरी त्या पानांत मला माणूस दिसतो, कारण काय वर, काय खाली, हे ठरवणारा तोच असायचा.

ठरावीक निळी-पांढरी चौकट रुळवली ती फेसबुकनं. तो एका कंपनीचा निर्णय होता. सोशल नेटवर्कचा तो स्वभाव नव्हे. आणि जिओसिटीज गेली, ती मालक कंपनी याहूनं २००९मध्ये बंद केली म्हणून. बंद होणाऱ्या साइट जतन करणाऱ्या अर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यातली बरीच पानं वाचवली.