सेल्जुकांचा नवरोज आणि अकरा दशांश स्थळे

इराणी कवी आणि गणितज्ञ उमर खय्यामने साडेनऊशे वर्षांपूर्वी वर्षाची लांबी ३६५.२४२१९८५८१५६ दिवस इतकी अचूक काढली होती, असा दावा समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. दशांशचिन्हानंतरचे अकरावे स्थळ म्हणजे सेकंदाच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतका काळ. तो टिपणारे साधन अकराव्या शतकात कोणाकडेही नव्हते. पंचांग सुधारण्याच्या ज्या कामात खय्याम प्रत्यक्ष सहभागी होता, ते मात्र या आकड्याहून अधिक कौतुकास्पद आहे.

मूळ अडचण महसुलाची होती. ओघुझ तुर्कांच्या सेल्जुक घराण्याने १०५५ मध्ये बगदादवर ताबा मिळवला आणि कळपांमागे फिरणाऱ्या टोळ्यांमधून उभे राहिलेले हे राज्य शेतसाऱ्यावर चालू लागले. परंतु हिजरी चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे असल्याने त्याची पिकांशी सांगड बसत नव्हती, आणि जुन्या इराणी वर्षात ३६५च दिवस धरल्यामुळे नवरोज, म्हणजे इराणी नववर्षदिन, ऋतूंमधून सरकत चालला होता. मुंबईतील शहेनशाही पारशांचे नववर्ष आज ऑगस्टमध्ये येते, तेही याच सरकण्यामुळे. म्हणून सुलतान मलिकशाहने इस्फहान येथे खय्यामसह अनेक खगोलज्ञ एकत्र आणले आणि १५ मार्च १०७९ पासून जलाली पंचांग सुरू झाले.

त्यातील नियम असा: सूर्य वसंतसंपातावर, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या बिंदूवर, मध्यान्हापूर्वी आला तर तोच दिवस नवरोज, नंतर आला तर दुसरा दिवस. संपाताचा क्षण दरवर्षी सुमारे ५ तास ४९ मिनिटांनी पुढे जातो, म्हणजे चार वर्षांत २३ तास १६ मिनिटांनी. एक जादा दिवस घातला की तो क्षण चार वर्षांपूर्वीच्या वेळेपेक्षा ४४ मिनिटे अलीकडे येतो. अशा सात फेऱ्यांत, म्हणजे २८ वर्षांत, तो सुमारे पाच तास अलीकडे सरकतो. त्यामुळे पुढचे लीप वर्ष चौथ्याऐवजी पाचव्या वर्षी येते आणि साचलेली तूट जवळजवळ पूर्ण भरून निघते. अठ्ठावीस आणि पाच मिळून ३३ वर्षांत आठ लीप वर्षे, म्हणजेच सरासरी ३६५.२४२४ दिवस, वसंतसंपातापासून वसंतसंपातापर्यंतचा काळही तेवढाच आहे. ग्रेगरी पंचांगाची सरासरी ३६५.२४२५ असून ते पाचशे वर्षांनंतरचे आहे. वर्षाची लांबी आधी ठरवून पंचांग बांधण्याऐवजी येथे निर्णय दरवर्षी आकाशावर सोपवलेला होता, म्हणून अकरा दशांशांची गरजच नव्हती.

मग तो आकडा आला कोठून? ६८३ ला २८२० ने भागावे, म्हणजे ०.२४२१९८५८१५६ मिळते. २८२० वर्षांत ६८३ लीप वर्षे, ही योजना विसाव्या शतकातील आहे. ती खय्यामच्या नावावर चिकटवली गेली.

मलिकशाह १०९२ मध्ये मरण पावला आणि वेधांचे काम थांबले. १९२५ मध्ये इराणने स्वीकारलेल्या सौर पंचांगात मात्र नवरोज आजही मध्यान्हाच्या याच नियमाने, इराणच्या प्रमाणवेळेनुसार, ठरतो.