डाग कुठे आहे ते सोडा, कधी वाढतो ते बघा

छतावर पिवळट डाग उमटला की संशय वरच्या फ्लॅटच्या बाथरूमवर जातो. वरचे म्हणतात, "आमचं बाथरूम तुमच्या डागाच्या वर नाहीच." दोघंही खरं बोलत असू शकतात. स्लॅबवर पोचलेलं पाणी सरळ खाली येत नाही. उतार धरून, फरशीखालच्या भरावातून, कधी वायरिंगच्या नळीतून ते वाट काढतं आणि दोन-चार फूट लांब जाऊन टपकतं. म्हणून डाग दिसला तिथेच फोडायला घेऊ नये.

आधी पेन्सिलीने डागाची कड आखा, तारीख टाका आणि आठवडाभर नोंद ठेवा. आंघोळी-धुणी झाल्यावर ओल वाढते आणि वरचे गावाला गेले की सुकत जाते? मग दोष बहुधा सांडपाण्याच्या बाजूला, नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालच्या, सांडपाणी वाहून जाणाऱ्या भांड्याच्या) सांध्यात किंवा टाइल्सच्या फटींत असतो. फक्त पावसाळ्यात ओल येत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत बघा. ती रात्रंदिवस सारखीच राहत असेल, तर कन्सील्ड लाइन, म्हणजे भिंतीत गाडलेला, कायम पाण्याने भरलेला पाइप तपासायला हवा.

मला सर्वांत जास्त धास्ती या शेवटच्या गळतीची वाटते. टाकीतली पातळी पाइपापेक्षा 10 मीटर उंच असेल, तर पाणी सेकंदाला सुमारे 14 मीटर वेगाने सुटू पाहतं. भिंतीबाहेरच्या पाइपाला 1 मिलिमीटरचं भोक पडलं, तर दिवसाला साडेपाचशे लिटरच्या आसपास पाणी जातं. शहरांत पाणीपुरवठ्याचं नियोजन माणशी रोज 135 लिटर धरून करतात. म्हणजे चार माणसांचं पाणी टाचणीएवढ्या भोकातून! गाडलेल्या पाइपाभोवतीचं सिमेंट ही धार अडवतं, पण पाणी झिरपत राहतंच.

तुमची टाकी स्वतंत्र असेल तर रात्री सगळे नळ बंद करा, टाकीत पाणी येणं थांबवा आणि पातळीवर खूण करा. एक मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी 1 सेंटीमीटर उतरली, तर सुमारे 8 लिटर पाणी गेलं. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबा. फ्लश न करता रंग भांड्यात उतरला तर आतला वॉशर गेला आहे.

भिंतीला लोणा लागतो त्याचंही कारण समजून घ्यायला हवं. विटा आणि प्लास्टरमधल्या केसाहून बारीक छिद्रांतून पाणी वरही चढतं आणि जाताना क्षार विरघळवून नेतं. पृष्ठभागावर पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक मागे उरतात. ते वाढताना रंगाला आतून ढकलतात आणि पोपडे सुटतात. त्यामुळे गळती न थांबवता वॉटरप्रूफ रंग मारणं म्हणजे पैसे घालवणं. पाणी शेजारून डोकं काढतं.

बाथरूम नव्याने करत असाल तर टाइल्स लावण्याआधी दोन चाचण्यांचा आग्रह धराच. लाइनची सगळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब द्यायचा आणि गेजचा काटा खाली येतो का ते बघायचं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणी ट्रॅपचं तोंड बुजवून 24 तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्यांच्या छताकडे लक्ष ठेवायचं. प्लंबरला पुढच्या कामाची घाई असते, तरी थांबवा त्याला. आणि प्लास्टर चढण्याआधी भिंतीला मेजरिंग टेप लावून पाइपांचे फोटो काढून ठेवा. गीझर किंवा आरसा बसवायला ड्रिल लावताना पाइप नेमका कुठून गेलाय, हे त्या फोटोत दिसेल.