अंडाशयाचा कॅन्सर आणि नळीची झालर

"गर्भपिशवी काढतोच आहोत, तर अंडाशयंही काढून टाकू, पुढे कॅन्सरची धास्ती नको." हा सल्ला कित्येक दशकं ऑपरेशनच्या आधी सर्रास दिला गेला आणि तितक्याच सहज मानलाही गेला. हिशेब वरवर चोख वाटतो. अवयवच उरला नाही, तर त्याचा कॅन्सर होणार कुठून? पण या हिशेबात दोन चुका आहेत.

पहिली चूक अशी की मुलं झाली म्हणून अंडाशय बिनकामाचं होत नाही. अमेरिकेतल्या नर्सेस हेल्थ स्टडीतल्या २९,३८० स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांची गर्भपिशवी काढलेली. काहींची अंडाशयं राखलेली, काहींची काढलेली. काढलेल्यांमध्ये अंडाशयाचा आणि स्तनाचा कॅन्सर कमी झाला खरा, पण हृदयविकार वाढला आणि एकूण मृत्यूही जास्त निघाले. एका दुर्मिळ आजाराच्या भीतीपोटी एक नेहमीचा आजार ओढवून घेतला गेला.

दुसरी चूक जास्त चक्रावणारी आहे. ज्या कॅन्सरच्या भीतीने अंडाशय काढलं जातं, तो बहुतेक वेळा अंडाशयात सुरूच होत नाही.

'अंडाशयाचा कॅन्सर' हे एकाच आजाराचं नाव नाही. त्यात निदान चार-पाच वेगवेगळे आजार एका पाटीखाली कोंबलेले आहेत. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात जास्त जीव घेणारा प्रकार म्हणजे हाय-ग्रेड सीरस कार्सिनोमा. यापुढे त्याला नुसतं 'सीरस' म्हणू. निदान होतं तेव्हा बहुतेक रुग्णांमध्ये तो पोटभर पसरलेला असतो, आणि तो असा का, हेच कोडं होतं.

जुनी उपपत्ती इजिप्तचे डॉक्टर महमूद फथल्ला यांनी १९७१ मध्ये मांडली. दर महिन्याला बीज बाहेर पडताना अंडाशयाच्या पृष्ठभागाला जखम होते, ती भरून निघताना पेशींचं विभाजन होतं, आणि दर विभाजनात चूक होण्याची शक्यता असते. जितक्या वेळा बीज सुटेल तितका धोका जास्त. आकडेवारी याच्या बाजूने होती: गर्भनिरोधक गोळ्या, बाळंतपणं, अंगावर पाजणं, म्हणजे बीज न सुटण्याचे काळ, हा धोका कमी करतात. अडचण सूक्ष्मदर्शकाखाली होती. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची पूर्वावस्था सापडते, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचीही सापडते. अंडाशयात मात्र सीरसची पूर्वावस्था कुणाला सापडेना. शिवाय गाठीतल्या पेशी अंडाशयाच्या पृष्ठभागासारख्या दिसतच नव्हत्या. त्या दिसत होत्या गर्भनलिकेच्या अस्तरासारख्या. गर्भात असताना गर्भनलिका, गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग म्युलेरियन नलिकेपासून घडतो. अंडाशयाचं आवरण त्या घराण्यातलं नाही. मग अंडाशयाच्या पेशी कॅन्सर होताना नळीच्या पेशींचं सोंग का घेतात, असा प्रश्न होता. उत्तर फार साधं निघालं. ते सोंग नव्हतंच.

२००१ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी अशा १२ स्त्रियांच्या गर्भनलिका बारकाईने तपासल्या, ज्यांना आनुवंशिक धोका होता आणि ज्यांनी कॅन्सर होण्याआधीच अंडाशयं-नळ्या काढून घेतल्या होत्या. त्यातल्या ६ जणींच्या नळ्यांच्या अस्तरात कॅन्सरच्या दिशेने चाललेले बदल दिसले. अंडाशयं मात्र स्वच्छ होती.

हे आधी कुणाला का दिसलं नाही? कारण कुणी पाहिलंच नव्हतं. पॅथॉलॉजी विभागात नळी आली की मधून एक चकती कापायची, स्लाइड करायची आणि अहवालात 'नळी: विशेष काही नाही' असं लिहायचं, अशी रीत होती. बॉस्टनच्या पॅथॉलॉजिस्टांनी २००६ च्या सुमारास ही रीत बदलली. नव्या पद्धतीत नळी आधी फॉर्मॅलिनमध्ये नीट मुरू देतात. घाई केली तर नाजूक अस्तर सुटून वाहून जातं. मग अंडाशयाकडचं शेवटचं सुमारे २ सेंटिमीटर टोक वेगळं करून उभं चिरतात, उरलेल्या नळीच्या २ ते ३ मिलिमीटरच्या चकत्या करतात आणि सगळंच्या सगळं तपासतात. असं केल्यावर पूर्वावस्था सापडू लागली, आणि बहुतेक वेळा त्याच शेवटच्या टोकात.

हे टोक म्हणजे झालर. गर्भनलिका साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब. गर्भाशयाकडे बारीक, बाहेर जाताना रुंदावत गेलेली आणि शेवटी बोटांसारख्या उघड्या पाकळ्या. या पाकळ्या सुटलेलं बीज आत ओढून घेतात. इथे नळी सरळ पोटाच्या पोकळीत उघडते. नळीचं नाजूक अस्तर पोटाच्या आतल्या आवरणाला इथेच येऊन भिडतं. दोन वेगळ्या जातींची अस्तरं जिथे भेटतात, तिथे कॅन्सर होण्याची खोड शरीराला आहेच; गर्भाशयाच्या मुखाशी आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशीही हेच दिसतं.

आता पेशींकडे. अस्तरात मुख्यतः दोन जातींच्या पेशी असतात: केसाळ पेशी, ज्या आपले सूक्ष्म केस हलवून बीज पुढे ढकलतात, आणि स्रावी पेशी, ज्या द्रव पाझरतात. गडबड स्रावी पेशींत होते. बीज सुटतं तेव्हा त्याच्यासोबत पुटिकेतला, म्हणजे बीज ज्या पिशवीत वाढतं तिच्यातला, द्रव झालरीवर येतो. त्यात ऑक्सिजनची आक्रमक संयुगं असतात, वाढीला चालना देणारे रेणू असतात. डीएनए तुटतो. तो दुरुस्त होईपर्यंत पेशीला थांबवणं, आणि दुरुस्ती जमणार नसेल तर तिला मरायला लावणं, हे पी-५३ या प्रथिनाचं काम. एखाद्या पेशीत या प्रथिनाचं जनुकच बिघडलं, तर पहारेकरी गेला. फथल्लांचं गणित अशा रीतीने बरोबरच ठरलं. जखमेची जागा तेवढी शेजारच्या अवयवात निघाली.

पहारेकरी गेलेली पेशी लगेच कॅन्सर होत नाही. तिची पिल्लावळ एका रांगेत बसते. पी-५३ साठी रंगवलेल्या स्लाइडवर ओळीने डझनभर स्रावी पेशींची केंद्रकं गडद तपकिरी दिसतात, बाकी सगळं शांत. याला पी-५३ सिग्नेचर म्हणतात. तो निरोगी स्त्रियांतही सापडतो आणि बहुसंख्य वेळा तिथेच थांबतो. पुढची पायरी म्हणजे स्टिक, अर्थात नळीच्या अस्तरातच कोंडलेला सीरस कॅन्सर. इथे केंद्रकं फुगलेली, एकमेकांवर चढलेली, केसाळ पेशी हरवलेल्या आणि विभाजनाची खूण असलेलं केआय-६७ वाढलेलं. एक मेख इथे आहे. पी-५३ चं जनुक ज्या प्रकारे बिघडतं, त्यावर रंग ठरतो. एखादं अक्षर बदललं तर बिघडलेलं प्रथिन साचून राहतं आणि केंद्रकं गडद होतात. जनुक अर्धवट तुटलं तर प्रथिनच बनत नाही आणि ती जागा कोरी दिसते. म्हणून नवशिक्याला 'रंग नाही, म्हणजे ठीक' असं वाटतं, आणि नेमका तोच कॅन्सर असतो. २०११ मधल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात सीरसच्या ९६ टक्के गाठींमध्ये हे जनुक बिघडलेलं आढळलं.

स्टिक हा सहसा एखाद-दोन मिलिमीटरचा ठिपका. पण झालर उघडी आहे. त्यातल्या पेशी सुटतात आणि खाली पडतात, ते थेट पोटाच्या पोकळीत. नळीच्या अगदी खाली अंडाशय, त्यावर नुकतंच बीज सुटल्याची ओली जखम आणि भरपूर रक्तपुरवठा. पेशी तिथे रुजतात आणि फोफावतात. ऑपरेशनला पोट उघडलं की मोठी गाठ अंडाशयावर दिसते, झालर त्या गाठीत कुठेतरी गडप झालेली असते. मग नाव कुणाचं लागणार? सगळ्यात मोठ्या गाठीचं. २०१७ च्या एका जनुकीय अभ्यासाने स्टिकपासून अंडाशयातल्या गाठीपर्यंतचा प्रवास सरासरी साडेसहा वर्षांचा असल्याचा अंदाज मांडला. अभ्यास फक्त ९ रुग्णांचा होता, तेव्हा आकडा दगडावर कोरून ठेवू नये. त्याच अभ्यासानुसार अंडाशयात पोचल्यावर मात्र तो झपाट्याने पसरतो.

लवकर निदानाचे प्रयत्न का फसले, ते आता कळतं. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या २,०२,६३८ स्त्रियांवर झालेल्या प्रचंड चाचणीचा अंतिम निकाल २०२१ मध्ये आला. एका गटात दरवर्षी सीए-१२५ ही रक्ततपासणी, आकडा वाढताना दिसला तर सोनोग्राफी. पहिल्या टप्प्यातले कॅन्सर जास्त सापडले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. मिलिमीटरभराचा ठिपका सोनोग्राफीत दिसत नाही, आणि रक्तातला आकडा हलतो तोवर बहुधा पेशी पोटात सांडलेल्या असतात. तरीही 'संपूर्ण आरोग्य तपासणी'च्या पॅकेजमध्ये सीए-१२५ दिमाखात बसलेली असते. हा आकडा पाळीच्या दिवसांत वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, फायब्रॉइडमध्ये, गरोदरपणात, पोटाच्या क्षयातही वाढतो. तक्रार नसलेल्या बाईची ही तपासणी करून हाती बहुतेक वेळा घाबरगुंडी आणि नको ती ऑपरेशनं येतात. गर्भाशयाच्या 'शुद्धी'चे काढे विकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. झालरीत काय चाललंय याचा त्यांना पत्ता असण्याचं कारण नाही.

मग उपाय? शोधता येत नसेल तर जागाच काढायची, पण योग्य जागा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० मध्ये सगळ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगण्यात आलं: इतर सौम्य कारणासाठी गर्भपिशवी काढत असाल तर दोन्ही नळ्याही काढा, अंडाशयं राहू द्या, नसबंदी करत असाल तर नळ्या बांधण्याऐवजी पूर्ण काढा. गर्भपिशवी गेल्यावर नळ्यांना तसंही काही काम उरत नाही. उलट मागे राहिलेली नळी कधी पाण्याने फुगते आणि दुसरं ऑपरेशन मागे लावते.

काम ऐकायला किरकोळ, पण हातोटीचं आहे. नळी ज्या पातळ पडद्याला लटकलेली असते, त्याच पडद्यातून अंडाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या फांद्या जातात. म्हणून झालरीच्या बाजूने सुरुवात करून, नळीला अगदी चिकटून, थोडं थोडं जाळत आणि कापत गर्भाशयाच्या कोपऱ्यापर्यंत यायचं. अंडाशयाच्या बाजूला सरकलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ज्यासाठी अंडाशय राखलं तेच लयाला जातं. दुसरी चूक उलटी. झालरीची एक पाकळी अंडाशयाला जोडलेली असते. जुन्या सुजेमुळे बाकीच्याही चिकटलेल्या असू शकतात. घाईत ओढलं तर नळी हातात येते आणि झालरीचे तुकडे अंडाशयावर राहतात. म्हणजे निरुपद्रवी भाग काढला आणि मूळ ठेवलं. असे तुकडे शोधून काढावे किंवा जाळावे लागतात. गर्भाशयाच्या भिंतीत शिरलेलं नळीचं सेंटिमीटरभर टोक राहिलं तर मात्र बिघडत नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या नोंदींनुसार यासाठी गर्भपिशवीच्या ऑपरेशनला सरासरी १६ मिनिटं, नसबंदीला १० मिनिटं जास्त लागली.

निकाल २०२२ मध्ये आला. नळ्या काढलेल्या २५,८८९ स्त्रियांमध्ये वयाच्या हिशेबाने सीरसच्या ५.२७ केसेस अपेक्षित होत्या. सापडल्या शून्य. याच स्त्रियांमधला स्तनाचा आणि आतड्याचा कॅन्सर अपेक्षेइतकाच होता. हे महत्त्वाचं, कारण त्यावरून या बायका मुळातच जास्त निरोगी होत्या ही शंका बरीचशी फिटते. तरी ही चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हे, बहुतेक स्त्रिया कॅन्सरच्या वयाला पोचलेल्या नव्हत्या, आणि पाचच्या जागी शून्य हा आकडा छोटा आहे. स्वीडनच्या २०१५ च्या नोंदींतही दोन्ही नळ्या काढलेल्यांत धोका एकच नळी काढलेल्यांच्या निम्मा होता. दिशा तीच. रजोनिवृत्तीची लक्षणं थोडी लवकर जाणवतात का, यावर मात्र एकमत नाही. स्वीडनच्याच एका पाहणीत गर्भपिशवीसोबत नळ्या गेलेल्यांना वर्षभरात अशा तक्रारी जास्त होत्या.

म्हणून उद्या उठून केवळ नळ्या काढायला ऑपरेशन थिएटर गाठायचं नाही. सर्वसाधारण स्त्रीचा आयुष्यभराचा धोका सव्वा टक्क्याच्या आसपास. एका अंदाजानुसार गर्भपिशवीसोबत २७३ जणींच्या, किंवा नसबंदी म्हणून ३६६ जणींच्या नळ्या काढाव्या, तेव्हा एक कॅन्सर टळतो. पोट आधीच उघडलेलं असेल तर हा सौदा चांगला. फक्त त्यासाठी भूल घेऊन उघडायचं तर नाही. नसबंदीबाबत आणखी एक गोष्ट आधी स्पष्ट सांगायला हवी: बांधलेली नळी क्वचित पुन्हा जोडता येते, काढलेली कधीच नाही. नंतर मूल हवं झालं तर टेस्ट ट्यूब बेबी हाच मार्ग.

बीआरसीए जनुकात बिघाड असलेल्या, म्हणजे या कॅन्सरचा मोठा आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांना हे सूत्र अजून लागू नाही. वयाच्या ८० पर्यंत बीआरसीए-१ मध्ये हा धोका सुमारे ४४ टक्के, बीआरसीए-२ मध्ये १७ टक्के. त्यांच्यासाठी आजही सल्ला अंडाशयं आणि नळ्या दोन्ही काढण्याचा, बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४० व्या वर्षी, बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ व्या. आधी नळ्या आणि काही वर्षांनी अंडाशयं, असा दोन टप्प्यांचा मार्ग नेदरलँड्समध्ये तपासला जातोय. त्यात जगण्याची गुणवत्ता चांगली राहिल्याचं २०२१ मध्ये दिसलं, कॅन्सर तितकाच टळतो का याचं उत्तर यायला वर्षं लागतील. या स्त्रियांच्या नळ्या उभ्या चिरून शेवटच्या मिलिमीटरपर्यंत तपासणं अत्यावश्यक असतं, आणि त्यासाठी पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर 'बीआरसीए' हा शब्द लिहिलेला असावा लागतो. तो राहिला तर एखादीची नळी आजही मधून एक चकती कापून निकालात निघू शकते.