नांगराच्या वळणाने आखलेलं गाव

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातल्या लॅक्स्टन या लहानशा शेतकरी गावाची नोंद 1086च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या देशव्यापी नोंदणीत सापडते. पूर्वी टोकी नावाच्या माणसाकडे असलेली इथली जमीन तोवर ज्योफ्री अल्सेलिनकडे, म्हणजे इंग्लंड जिंकणाऱ्या फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांच्या एका सरदाराकडे गेली होती. मालक बदलत राहिले, पण मध्ययुगातली सामाईक शिस्तीची शेती इथे अजून चालते.

गावाची तीन मोठी शिवारं आहेत आणि आतल्या पट्ट्यांना कुंपण नाही. एका शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्हीकडे विखुरलेल्या असत. त्यामुळे चांगली माती एकाच्याच वाट्याला येत नसे.

पट्ट्या लांबट का? आठ बैलांचं औत वळवणं हे जिकिरीचं काम, म्हणून वळणं जितकी कमी तितकं बरं. 220 यार्ड लांब आणि 22 यार्ड रुंद पट्टी म्हणजे एक एकर, आपले 40 गुंठे. एका औताची दिवसभराची नांगरट साधारण एवढी धरत. बैलांची रांग लांब असल्याने टोक येण्याआधीच ती डावीकडे घ्यावी लागे. त्यामुळे पट्ट्यांना उलट्या इंग्रजी एस अक्षरासारखा बाक आला.

नांगराची फळी माती फक्त उजवीकडे टाकी. पट्टीच्या मध्यापासून सुरुवात करून घड्याळाच्या दिशेने फेरे घेतले की माती आत पडते आणि वर्षानुवर्षांनी मधे वरंबा चढतो. इथल्या जड चिकणमातीत हे मोलाचं. हिवाळी पाणी साचलं तर मुळांना हवा मिळत नाही आणि गहू पिवळा पडतो. वरंब्यावरून ते कडेच्या सरीत उतरतं.

पीकफेर तीन वर्षांचा: हिवाळी गहू, मग वसंतात पेरलेलं जव किंवा वाटाणा, तिसऱ्या वर्षी जमीन पडीक. कापणीनंतर गावाची जनावरं धसकटांवर सोडत. खत आपोआप पडे. मात्र एकाचं पीक उभं राहिलं तर सगळ्यांची गुरं अडत, म्हणून तारखा गावाने ठरवायच्या.

बांधच नाहीत, तरी बांध कोरणारे असतातच! म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस शेतकऱ्यांचे पंच गव्हाचं शिवार फिरतात, हद्दीवर खुंट्या ठोकतात आणि रस्त्यात किंवा गवताच्या सामाईक पट्टीत कुणाचा नांगर घुसला ते टिपून घेतात. दंड गावसभेत ठरतो.