सेंद्रिय पांढऱ्या वाइनचा हिशेब सामूपासून

नागपूर भागात वाइनची द्राक्षे लावायची म्हटले की पहिली शंका उन्हाची. पाणी मिळाले तर वेल मे महिना काढतो. उन्हाचा फटका बसतो तो आंबटपणाला. फळ पिकताना त्यातले मॅलिक आम्ल श्वसनात जळते आणि उष्णता वाढली की जास्तच वेगाने. टार्टारिक आम्ल त्या मानाने टिकते. आम्ल घटले की सामू (pH, आंबटपणाचे माप) चढतो, आणि सेंद्रिय पांढऱ्या वाइनचे गणित तिथेच बिघडते.

कारण सल्फाइट. वाइनला जंतू आणि ऑक्सिजनपासून सांभाळणाऱ्या या गंधक डायऑक्साइडचा फक्त आण्विक भाग (विद्युतभार नसलेले रेणू) जंतूंवर काम करतो, आणि सामू चढला की तो भाग घटतो. पांढऱ्या वाइनमध्ये तो लिटरला ०.८ मिलिग्रॅम असावा असे धरतात. सामू ३.२ असेल तर त्यासाठी सुमारे २० मिलिग्रॅम मुक्त (न बांधलेले) सल्फाइट पुरते, ३.६ झाला की ५० लागते. युरोपच्या २०१२च्या नियमांत कोरड्या सेंद्रिय पांढऱ्या वाइनला एकूण १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, साध्या वाइनला २००. घातलेल्यातले बरेच सल्फाइट वाइनमधल्या इतर घटकांशी बांधलेही जाते, त्यामुळे चढलेल्या सामूला मोकळीक फार उरत नाही.

म्हणून छाटणीची तारीख महत्त्वाची. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) झाली की ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठी). ती लवकर घ्यावी तर परतीच्या पावसात केवडा (डाउनी मिल्ड्यू हा रोग) कोवळ्या फुटीवर येतो. लांबवावी तर फळ मार्चच्या तापात पिकते. आमच्या मते केवड्याची जोखीम पत्करावी, कारण तो फवारणीने आवरता येतो. गेलेले आम्ल बागेत परत मिळत नाही. घडांजवळची पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढा, पश्चिमेची राहू द्या.

केवड्यावर बोर्डो, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचे मिश्रण. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांना डिंक्यामुळे (खोडातून डिंक गळण्याचा रोग) बोर्डो पेस्ट ठाऊक असतेच. द्राक्षाला पातळ मिश्रण फवारतात. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या ड्रममध्ये विरघळवा, मग मोरचूद चुन्यात ओता, उलटे नको. घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्लधर्मी आहे, पाने करपतील, चुना वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

पण तांब्याला मर्यादा आहे. युरोपात ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४. मोरचुदात चौथा हिस्सा तांबे असते, म्हणून हेक्टरी १,००० लिटर एक टक्का फवारले की अडीच किलो एकाच वेळी संपले! पाऊण टक्का कमी करून पाव टक्क्यावर आणा आणि पावसाच्या आधी फवारा. बोर्डो पानावर बसलेल्या रोगाला बरे करत नाही, आधी संरक्षण देते.

भुरीला (पानांवर पांढरी भुकटी दिसणारा बुरशीचा रोग) पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. भर उन्हात फवारल्यास पाने भाजतात. तोडणीच्या महिनाभर आधी ते बंद करा, नाहीतर गंधकाचे अंश रसात उतरतात आणि आंबवताना यीस्ट त्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनवते. मग टाकीला कुजक्या अंड्यांचा वास येतो.

काळ्या मातीत वेल माजतो आणि पालवी दाटली की भुरीला आयतेच फावते. गादीवाफे उंच करा, शेणखत बेताने द्या.

तोडणी पहाटे, छोट्या क्रेटमध्ये. घड गार असतानाच दाबयंत्रात घाला, कारण उन्हात तापलेल्या फुटक्या मण्यांचा रस टाकीत जाण्याआधीच तपकिरी पडू लागतो.