मास्टर्स स्पर्धेचा शनिवार-रविवार जोडीने: आमच्या ग्राहकांसाठी तयारीचे माहितीपत्रक

सायकलिंगच्या मास्टर्स गटाच्या (वयाने मोठ्या स्वारांच्या) दोन दिवसांच्या स्पर्धेत बहुधा तीन शर्यती असतात: शनिवारी सकाळी टाइम ट्रायल (एकेकट्याने किंवा जोडीने सुटून घड्याळाविरुद्ध), दुपारी क्रिटेरियम (छोट्या मार्गावर अनेक फेऱ्यांची) आणि रविवारी रोड रेस (लांब रस्त्यावरची). एकाच संघातून उतरणारे दोघे सायकली सर्व्हिसिंगला मात्र वेगवेगळ्या दिवशी टाकतात. आमचे पहिले सांगणे हेच, की तसे करू नका. दोन्ही सायकली, सुट्या चाकांसकट सगळी चाके, एकाच वेळी आणा आणि स्पर्धेच्या किमान पाच-सहा दिवस आधी आणा. जोडीने उतरण्याचा फायदा शर्यतीत दिसतो, पण त्यातला निम्मा भाग वर्कशॉपच्या स्टँडवर ठरतो.

अर्ज भरताना

मास्टर्स गटात वय साधारणपणे स्पर्धेच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करून धरतात. १९८६ च्या डिसेंबरात जन्मलेला स्वार २०२६ च्या जानेवारीपासूनच ४० चा समजला जातो. त्यामुळे वयात दोनच वर्षांचे अंतर असूनही दोघे वेगळ्या गटांत पडू शकतात. गट वेगळे सुटत असतील, तर दुसऱ्या गटाच्या स्वारामागे चाक धरणे, म्हणजे त्याच्या आडोशाला चिकटून चालवणे, अनेक ठिकाणी दंडास पात्र असते. नियमपत्रक आधी वाचा. शिवाय रोड रेसमध्ये चाकांची देवाणघेवाण बहुतेक नियमांनुसार एकाच संघाच्या स्वारांनाच करता येते, म्हणून दोघांच्या अर्जावर संघाचे नाव अक्षरशः एकच असू द्या.

एकाचे चाक दुसऱ्याला चालले पाहिजे

मदतीची गाडी घोळक्याच्या बरीच मागे असते. पंक्चर झाल्यावर तिची वाट पाहण्यापेक्षा जोडीदाराचे चाक घेणे केव्हाही लवकर होते. पण चाक बसणे वेगळे आणि चाक चालणे वेगळे.

डिस्क ब्रेकच्या सध्याच्या रोड सायकलींना बहुधा १२ मिमीचा थ्रू एक्सल (हबमधून आरपार जाणारा दांडा) असतो, हबची रुंदी पुढे १०० आणि मागे १४२ मिमी. त्यामुळे चाक बसते. अडचण त्यानंतर सुरू होते. एकाची डिस्क १६० मिमीची आणि दुसऱ्याची १४० ची असेल, तर मोठी डिस्क लहान डिस्कसाठी लावलेल्या कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या ब्रेकच्या भागात) मावत नाही. उलट केले तर पॅड डिस्कला जेमतेम कडेला पकडतात. डिस्क सारख्या मापाच्या असल्या तरी हबच्या बनावटीप्रमाणे त्यांची जागा मिलिमीटरच्या एखाद्या दशांशाने सरकलेली असते आणि तेवढ्यानेही पॅड घासतो. शिम म्हणतात त्या पातळ चकत्या डिस्कखाली घालून सगळ्या चाकांच्या डिस्क एका रेषेत आणता येतात. हे काम सगळी चाके एकत्र समोर असल्याशिवाय होत नाही.

मागचे चाक आणखी किचकट. ११ आणि १२ गिअरच्या कॅसेटमध्ये (मागच्या चक्रांच्या संचात) दोन दातेरी चक्रांमधले अंतर वेगळे असते, त्यामुळे जोर लावताच चेन उड्या मारते. दोघांचे गिअर सारखे असले तरी कॅसेट हबवर किंचित आत किंवा बाहेर बसलेली असू शकते. प्रत्येक मागचे चाक दोन्ही सायकलींवर चढवून सगळे गिअर फिरवून पाहावेच लागतात. सर्वांत मोठ्या चक्रावर विशेष लक्ष हवे. तिथे मर्यादेचा स्क्रू बरोबर नसेल तर डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) स्पोकमध्ये घुसतो आणि हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारी पट्टी), डिरेलर, चाक तिन्ही एका फटक्यात जातात.

रिम ब्रेकवाल्यांनी पॅड तपासावेत. ॲल्युमिनियमच्या रिमवर झिजलेल्या पॅडमध्ये धातूचे कण रुतलेले असतात. तेच पॅड कार्बनच्या रिमवर लागले की रिम खरवडली जाते. एक सायकल डिस्कची आणि दुसरी रिम ब्रेकची असेल, तर चाक देण्याचा बेत सोडा आणि दोन सुटी चाके जास्त घ्या. प्रत्येक चाकावर स्पर्धक क्रमांक, कॅसेटचे गिअर आणि डिस्कचे माप लिहिलेली चिकटपट्टी लावा.

आठवडाभर आधीची कामे

चेन मापकावर ११ किंवा १२ गिअरची चेन ०.५ टक्के वाढलेली दिसली की बदलायची. १० गिअरपर्यंतच्या चेनला ०.७५ पर्यंत चालते. नवी चेन जुन्या कॅसेटवर घसरते, आणि तीही नेमकी स्प्रिंटमध्ये, म्हणून बदलल्यावर निदान एक-दोन जोरकस राइड झाल्या पाहिजेत. डिस्क पॅडवरचा थर एक मिलिमीटरवर आला असेल तर शर्यतीआधी पॅड बदला, अगदी शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरपर्यंत थांबू नका. नवे पॅड रिकाम्या रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन, चाक लॉक न करता ब्रेक दाबून रुळवावे लागतात. न रुळवलेला पॅड किंचाळतो आणि पहिल्याच वळणावर दगा देतो.

ट्यूबलेस टायरमधले सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारा द्रव) तीन महिन्यांहून जुने असेल तर ते वाळले असे समजा. २८ मिमीच्या टायरला ३० ते ४० मिली लागते. इलेक्ट्रॉनिक गिअरची मुख्य बॅटरी सगळे चार्ज करतात, लिव्हरमधली नाण्याएवढी बॅटरी विसरतात. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटरला आवळतात, तरी त्या भागावर छापलेला आकडाच अखेरचा. हँडलच्या टोकांची बुचे दोन्ही बाजूंना हवीत, त्यांच्यावाचून पंच सायकल अडवू शकतात. सीटची उंची, क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी), बूट यांत शेवटचे दोन आठवडे काहीही बदलू नका.

चाके काढून गाडीतून नेताना हायड्रॉलिक कॅलिपरमध्ये प्लास्टिकचा तुकडा घाला. लिव्हर चुकून दाबला गेला तर पिस्टन आत बंद होतात आणि सुरुवातीच्या रेषेजवळ डिस्क आत जात नाही.

हवा

सुमारे ७० किलोच्या स्वाराला २८ मिमीच्या ट्यूबलेस टायरमध्ये ६० ते ७० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) पुरते. पुढे मागच्यापेक्षा तीन-चार कमी. ओल्या रस्त्यावर आणखी पाच कमी करा. हुकलेस रिमला (टायर अडकवायला आतल्या कडेला आकडा नसलेल्या) ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय ही वरची मर्यादा आहे आणि ती ओलांडायची नाही. जोडीदाराचे चाक घेतलेत तर त्यातली हवा त्याच्या वजनाची आहे हे लक्षात ठेवा. हलक्या स्वाराच्या चाकावर जड स्वाराने खड्डा टाळावा, आणि जड स्वाराच्या कडक चाकावर हलक्याने वळणे जपून घ्यावीत.

टाइम ट्रायल

वैयक्तिक असेल तर फार सांगण्यासारखे नाही: पहिली दोन-तीन मिनिटे मुद्दाम आवरून चालवा. दोघांची असेल तर वेळ बहुधा दुसऱ्या स्वाराचे चाक रेषेवर आल्यावर धरतात, त्यामुळे जोडीदाराला मागे सोडून काही हाती लागत नाही. जो ताकदवान, त्याने पुढे जास्त वेळ राहावे. वेग वाढवू नये. त्याने ४५ सेकंद ओढले, म्हणजे पुढे राहून वारा अंगावर घेतला, तर दुसऱ्याने २० ओढावे. पुढून बाजूला होताना वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला व्हा, कारण मागचा आडोशासाठी दुसऱ्या बाजूला असतो. उलट बाजूला झालात तर त्याच्या पुढच्या चाकाला तुमचे मागचे चाक लागते आणि पडतो तो मागचा.

क्रिटेरियम

सुटी चाके पिटमध्ये (मार्गालगतच्या चाक बदलण्याच्या जागी) ठेवा, घरी किंवा गाडीत नाही. पंक्चर झाल्यास एक फेरी माफ असते, म्हणजे चाक बदलून पुढच्या फेरीत घोळक्यात परतता येते, पण शेवटच्या काही फेऱ्यांत ती सवलत बंद होते. नेमकी कितव्या फेरीपासून, हे पंचांना आधीच विचारा. वीस मिनिटे नीट वॉर्म-अप करा, कारण इथे पहिली फेरीच सर्वांत वेगवान असू शकते. मागे राहणाऱ्याला प्रत्येक वळणानंतर पुन्हा वेग घ्यावा लागतो, आणि त्यातच पाय संपतात.

जोडीदार पुढे निसटला तर तुम्ही घोळक्यात दुसऱ्या-तिसऱ्या चाकावर बसा. कोणी पाठलाग सुरू केला की त्याचे चाक धरा आणि तुमची पाळी आली तरी ओढू नका. एवढ्यानेच पाठलागाची लय मोडते. मुद्दाम ब्रेक मारणे किंवा आडवे जाणे मात्र धोक्याचे, आणि त्यासाठी बाद करतात. जोडीदार पकडला गेला की त्याच क्षणी, सगळे दमलेले असताना, दुसऱ्याने हल्ला करावा. त्यासाठी तुम्ही पुढच्या सहा-सात जणांत असायला हवे.

शेवटच्या स्प्रिंटला पुढे ओढणाऱ्याने रेषेपासून सुमारे २०० मीटरपर्यंत न्यावे; समोरून वारा असेल तर १५० पर्यंत. मागच्याने बाहेर पडताना आतली बाजू घ्यायची की बाहेरची, हे शेवटच्या वळणानुसार आधीच ठरवा, ओरडून सांगितलेले तिथे ऐकू येत नाही. कोण कोणासाठी ओढणार हेही आधीच ठरलेले हवे. रोड रेसमध्ये ज्याला संधी जास्त, त्याने शनिवारी ओढावे असे काहींना वाटते. आमच्या मते ओढणाऱ्याचेच पाय जास्त झिजतात, म्हणून रविवारच्या मुख्य स्वाराने शनिवारी ओढू नये.

शनिवार संध्याकाळ

चाळिशीनंतर स्नायू सावरायला वेळ लागतो, म्हणून इथे आळस करू नका. शर्यत संपल्यापासून पहिले चार तास, दर तासाला शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १ ग्रॅम कर्बोदके घ्या. ७० किलोला तासाला ७० ग्रॅम. जेवणात ३० ते ४० ग्रॅम प्रथिने असू द्या. सायकल जेट पाण्याने धुऊ नका, बेअरिंगमध्ये पाणी शिरते. चेन पुसून वंगण रात्रीच द्या आणि सकाळी जादा वंगण पुसा. स्प्रेचे वंगण डिस्कवर उडले तर पॅड खराब झाले असे समजा. टायरमध्ये रुतलेले काचेचे आणि खडीचे कण टोकदार काडीने काढा, शनिवारी रुतलेला कण रविवारी आतपर्यंत पोचतो.

रोड रेस

तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके घ्या, पण तेवढी पोटाला सराव असेल तरच. भूक लागायच्या आधी, पहिल्या वीस मिनिटांतच खायला सुरुवात करा. चढापूर्वी दोघांनी घोळक्याच्या पुढच्या भागात यावे. चढात मागे सरकलात तरी शेपटीला टिकता. आडव्या वाऱ्यात तिरकी रांग लागते आणि रस्त्याच्या कडेला जागा संपलेला स्वार वाऱ्यात उघडा पडतो. अशा वेळी जोडीदाराला शेजारी जागा करून द्या. दोघे मिळून निसटलात तर २० ते ३० सेकंदांच्या पाळ्या घ्या, आणि चढावर दमलेल्याला पुढे येण्याचा आग्रह करू नका.

पंक्चर झालेल्याने हात वर करून, अचानक उजवी-डावीकडे न वळता, हळूहळू कडेला यावे. मागच्या चाकाचे पंक्चर असेल तर थांबण्यापूर्वीच चेन सर्वांत लहान चक्रावर आणा. चाक देणारा तोच, जो त्या दिवशी दुसऱ्यासाठी राबणार आहे.

पडल्यास

डोक्याला मार लागला असेल तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसायचे नाही, बरे वाटत असले तरी. आणि ते हेल्मेट टाकून द्यायचे. छातीत दुखणे किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागणे असेल तरीही सायकलवर बसायचे नाही, डॉक्टर तपासेपर्यंत. सायकल डिरेलरच्या बाजूने पडली असेल तर सर्वांत मोठ्या चक्रावर गिअर टाकण्यापूर्वी हँगर मागून पाहा. वाकलेला दिसला तर तो गिअर टाळा. कार्बनच्या फ्रेमवर ओरखडा कुठे आहे आणि दाबल्यावर किंवा ठोकल्यावर आवाज कुठे बदलतो, ते खडूने खूण करून आमच्याकडे आणा. दोघे पडला असाल तर पुन्हा दोन्ही सायकली एकत्रच आणा.