शेंगदाण्यापासून कॅमेऱ्यापर्यंत : वृद्धांच्या चावण्याचं मोजमाप

इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या आजोबांना विचारा, 'नीट चावता येतं ना?' उत्तर येईल, 'सगळं खातो.' पोह्यांवरची शेव मात्र वाफेने मऊ पडेपर्यंत ते थांबतात. भुट्ट्याचा कीस आवडीने खातात, कारण मका आधीच किसलेला असतो. दाढा गेल्या की माणूस खाणं बदलतो, आणि बदललंय हेही विसरतो. म्हणून नुसतं विचारून भागत नाही, मोजावं लागतं.

१९५० साली मॅन्ली आणि ब्रेली या संशोधकांनी शेंगदाणे चावायला दिले आणि चावलेला ऐवज चाळून बारीक किती झाला ते पाहिलं. कल्पना उत्तम, पण शेंगदाणा भाजणीगणिक बदलतो, शिवाय थोडा गिळलाही जातो. पुढे दातांचा साचा घ्यायचं सिलिकोन आलं. ५.६ मिलिमीटरचे १७ चौकोनी तुकडे चावून थुंकायचे, वाळवायचे, चाळण्यांच्या उतरंडीतून हलवायचे. वजनाने निम्मा ऐवज ज्या मापाच्या भोकातून पार होईल, तो त्या माणसाचा आकडा. अचूक, पण दवाखान्यात कोण करणार? आणि ज्यांची तपासणी सर्वांत गरजेची, त्यांनाच ते जड जातं. पूर्ण कवळीचा जोर नैसर्गिक दातांच्या जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका असतो. पुष्कळांना सिलिकोन फोडताच येत नाही.

दोन रंगांच्या च्युइंगगमने ही अडचण सोडवली. तिथे तुकडे नव्हे, मिसळण बघतात. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून २० वेळा चावायच्या, गोळा पारदर्शक पिशवीत घालून १ मिलिमीटर जाडीचा चपटा करायचा आणि दोन्ही बाजू स्कॅन करायच्या. २०१३ मध्ये हालाझोनेटिस या संशोधकाने सहकाऱ्यांसह त्यासाठी संगणक प्रणाली दिली. रंगछटांमधला फरक जितका कमी, तितकं चावणं चांगलं. जपानने वेगळी वाट धरली. ग्लुकोज असलेली जेली २० सेकंद चावायची, १० मिलिलिटर पाणी तोंडात घेऊन सगळं गाळणीत थुंकायचं आणि गाळलेल्या पाण्यातलं ग्लुकोज मोजायचं. १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी भरलं तर चर्वणशक्ती घटलेली. मुखकार्य घटल्याचं निदान तिथे २०१८ पासून आरोग्यविम्यात आहे, आणि त्याच्या सात तपासण्यांपैकी ही एक.

कृत्रिम बुद्धिमत्ता या साखळीत अगदी शेवटी येते. चावलेल्या गोळ्याचे किंवा जेलीचे फोटो आणि त्यांचे मोजलेले आकडे दाखवून तिला शिकवतात, मग नव्या फोटोवरून ती आकडा सांगते. चेहऱ्याच्या व्हिडिओतून हनुवटीची हालचाल टिपून चावे मोजणं ही दुसरी शाखा. नवीन आहे तो डोळा. चावायला काय द्यायचं आणि किती चावे, हे जुनंच.

चुका होतात त्याही तिथेच. मोबाइलचा कॅमेरा पांढरा रंग स्वतःच ठरवतो. पिवळ्या बल्बखाली तोच गोळा वेगळ्या छटेचा दिसतो, म्हणून शेजारी पांढरं कार्ड हवं. पान खाणाऱ्याने आधी चूळ भरली नाही तर तांबूस लाळ रंगात मिसळते. गोळा एका कडेला जाड राहिला तर तिथला रंग गडद वाटतो. शिकवताना बहुतेक फोटो चांगल्या दातांच्या माणसांचे असतील तर कवळीवाल्यांबद्दलचा अंदाज कच्चाच राहणार. सगळ्यांत त्रासदायक म्हणजे कवळीला चिकटणारं गम : अर्धा गोळा टाळूच्या पट्टीलाच राहतो, आणि पिशवीत आलेल्या उरलेल्या अर्ध्याचा फोटो काढून यंत्र बिनदिक्कत आकडा सांगतं. चिकटत नाही असं गम वापरणं आणि फोटोआधी कवळी काढून तपासणं, हे त्यावरचे दोन उपाय.